शिफारस करणाऱ्याची सही

किंक्रांत, म्हणजे संक्रांतीचा दुसरा दिवस. सकाळची वेळ. ठिकाण: आष्टीच्या अलीकडे, सरांचं शेतातलं घर. हजर: सर, काकू, माझा नवरा आणि मी. ओसरीपुढे बांधलेल्या दोन शेळ्याही धरायच्या तर धरा.

बरोबर नेलेलं सामान: शिफारसपत्राच्या दोन प्रती, काळ्या शाईचं पेन, तिळगूळ आणि सरांना चहात बुडवायला लागायची ती जाड बिस्किटं. काम एकच होतं, सरांची सही आणायची.

पुरस्कार तरुण संशोधकांसाठी होता, वैद्यकीय संशोधनातला. तारुण्य जन्मापासून मोजत नव्हते, पीएच.डी. मिळाल्यापासून मोजत होते. मी नेकनूरच्या शाळेत विज्ञान शिकवत होते, मुलं मोठी झाल्यावर संशोधनाकडे वळले, म्हणून त्या हिशेबाने अजून तरुण होते. हे शेवटचं वर्ष. गाडीत बसताना नवरा म्हणाला, "तरुण शास्त्रज्ञ, गुडघ्याचा पट्टा घेतला का?" घेतला होता.

माझी नेमणूक उन्हाळ्यात संपणार होती. पुरस्कार मिळाला असता तर काम पुढे चाललं असतं. काम तापाचं. शेळ्यामेंढ्या पाळणाऱ्यांना एक ताप येतो, चढतो, उतरतो, रात्री घामाने अंथरूण भिजतं, सांधे धरतात. माणूस वर्षानुवर्षं कधी मलेरियाच्या, कधी वाताच्या गोळ्या खात राहतो. ताप जनावराकडून आलेला असतो, हे घरात कुणाच्या मनातही नसतं. सर आणि मी या तापामागे तलवाड्याच्या बाजूच्या वाड्यावस्त्या पायी फिरलो. सर मला नावाने कधी हाक मारत नसत. मी त्यांच्यासाठी "नेकनूरच्या बाई" होते, पहिल्या दिवसापासून.

नियमावलीत लिहिलं होतं की शिफारस पीएच.डी.च्या मार्गदर्शकांनीच करावी, ते हयात असल्यास. सर हयात होते.

आम्हाला पाहून काकू पदराला हात पुशीत बाहेर आल्या. "करीच्या दिवशी काहून आलात बाई? आज कुणी चांगलं काम काढतं का?"

"मुदत महिनाअखेरपर्यंत आहे, काकू. आज सुट्टी होती."

"तुमाला सुट्टी दिसती, करीदिन दिसत न्हाई," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आज बरे हायेत. सकाळधरनं बोलतेत. पण वळखतेलच असं न्हाई."

सर बाजेवर बसले होते. दाढी केलेली, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. प्रयोगशाळेत त्यांच्या तोंडून पुस्तकी मराठीशिवाय काही निघत नसे. बोलण्यात गावाकडचा शब्द आला की ते स्वतःच थांबून तो दुरुस्त करीत. आता ती दुरुस्ती गेली होती. माझ्या नवऱ्याला म्हणाले, "काय बे, गाडी कुणाची हाय?"

"माझीच, सर."

"लई धूळ हाय तिच्यावर." मग माझ्याकडे वळून, पाहुण्यांशी बोलतात तसं, "ताई, तुमी कुठल्या?"

"नेकनूरची."

चेहरा एकदम उजळला. "नेकनूरच्या आमच्याकडे एक बाई होत्या. शाळेत शिकवायच्या. लई नीटनेटक्या."

"मीच ती, सर."

त्यांनी माझ्या केसांकडे पाहिलं, चष्म्याकडे पाहिलं आणि दुसऱ्याला वाईट वाटू नये म्हणून माणूस हसतो तसं हसले. काकूंनी चहा आणला. मी तिळगूळ दिला. "गोड बोला," ते म्हणाले, आणि दाढेत अडकलेला तीळ जिभेने काढत राहिले.

पत्र मीच लिहून नेलं होतं. आपल्याकडे तशी रीतच आहे, अर्जदाराने स्वतःची शिफारस लिहायची आणि मोठ्या माणसाने खाली सही करायची. सरांना ही रीत मान्य नव्हती. दुसऱ्याने लिहिलेल्या कागदावर त्यांनी कधी सही केली नव्हती. मी कागद पुढे केला तेव्हा वाटलं होतं, ते चाळतील आणि परत देतील. त्यांनी पेन मागितलं.

पत्र इंग्रजीत होतं. ते ओळीखाली बोट धरून वाचत गेले. एका ठिकाणी "अत्यंत कष्टाळू" या अर्थाचे शब्द होते. त्यातला "अत्यंत" खोडला. पुढे, या भागात असं काम पहिल्यांदाच झाल्याचं मी लिहिलं होतं. तिथे थांबले. "हे कुणी तपासलं?"

"कुणी नाही, सर."

"मग काढा." स्वतःच काढलं. नवरा खाली बघून हसत होता. मला हसू येत नव्हतं, पण बरं वाटत होतं. सर होते तसेच होते.

शेवटपर्यंत वाचून त्यांनी कागद मांडीवर ठेवला. "बरोबर हाय. या आमच्या बाईंनी खरंच काम केलंय. माणसं रक्त द्यायला भेत होती, या आधी त्यांच्या शेळ्यांची चौकशी करायच्या. कुठं हायेत त्या?"

"इथेच आहेत," नवरा म्हणाला.

"बोलवा की मग. समोर आल्या की करतो सही."

काकू पुढे झाल्या. "अवो, ह्याच त्या. करा की सही. ह्या एवढ्या लांबनं आल्या."

"ह्या पाहुण्या हायेत," सर शांतपणे म्हणाले. "आधी तोंड बघायचं. मग नाव. मग सुई."

हे वाक्य मला पाठ होतं. पहिल्या फेरीला मी हुशारीने रक्ताच्या सगळ्या नळ्यांवर नावांच्या चिठ्ठ्या घरूनच चिकटवून नेल्या होत्या, तिथे वेळ जाऊ नये म्हणून. वस्तीवर एकाच नावाच्या दोन जावा निघाल्या. सरांनी झाडाखाली बसून नखाने एकेक चिठ्ठी सोलून काढली, रागावले नाहीत. एवढंच म्हणाले: आधी तोंड बघा, मग त्यांच्याच तोंडून नाव ऐका, मग सुई, नळीवर नाव शेवटी. त्यानंतर मी हे असंच करत आले. आता तर मीही दुसऱ्यांना हेच सांगते.

काकूंनी मला आत बोलावलं. चुलीपाशी हळूच म्हणाल्या, "बाई, मी हात धरते त्यांचा. हयातीच्या दाखल्याला बी तसंच करतो आमी. कुणाला कळनार हाय?"

"नको, काकू."

"तुमचं काम अडतंय."

"अडू द्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि भाकरी थापायला घेतली. जेवल्याशिवाय सोडलं नाही. सर माझ्याशेजारीच जेवायला बसले होते आणि मला दोनदा वाढायला लावलं, पाहुणी म्हणून.

निघताना ते फाटकापर्यंत आले. खोडाखोडी केलेली प्रत माझ्या हातात दिली, घडी घालून. "त्या बाईंना सांगा, सरांनी बोलावलंय म्हणून. त्यांना घेऊन या. उन्हाच्या आत या म्हणावं, मला दुपारी झोप लागती."

"सांगते, सर."

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. मग नवरा म्हणाला, "डॉक्टरांचा दाखला मिळेल. सरांना आता समजत नाही, असा. तो जोडला की विभागप्रमुख सही करू शकतील. मी विचारू का?"

"आणि तो दाखला काकूंकडे मागायला कोण जाणार?"

त्याने गाडीचा वेग कमी केला. पुढे रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या होत्या. त्यांच्या मागे मागेच आम्ही घरी आलो.

महिना संपला. अर्ज गेला नाही. सरांनी खोडलेली प्रत कामाच्या फाइलीत पहिल्या पानावर आहे. शेवटी सहीची जागा कोरी. "सरांची सही" या कामावर मी रेघ मारली आणि त्याखाली त्यांनीच दिलेलं काम लिहिलं: नेकनूरच्या बाईंना घेऊन आष्टीला जाणे, उन्हाच्या आत.

ते अजून व्हायचं आहे.