एकच मेंढी चाळीस वेळा

संध्याबाईंनी सृष्टीला पहिल्यांदा पाहिलं ते छावणीच्या बाजारात, आणि तेही एका दुकानाच्या काचेत. बाई भाजी घेऊन घरी निघाल्या होत्या. त्यांचा उजवा गुडघा दुखतो, म्हणून त्या उजवा पाय जरा बाहेरून फिरवून टाकतात. काचेत त्यांना दिसलं की मागून येणारी एक मुलगीही उजवा पाय अगदी तसाच टाकतेय. पिशवीच्या भारानं खांदा झुकावा तसा तिचा खांदाही झुकलेला. हातात पिशवी मात्र नव्हती.

बाईंची सारी नोकरी शाळेत गेलेली. पाठीमागं नकला करणारी पोरं त्यांना नवी नव्हती. त्या गर्रकन वळल्या.

"काय गं, माझी नक्कल करतेस?"

"नाही मॅडम, अभ्यास करतेय."

"माझ्या गुडघ्याचा?"

"चालण्याचा. सरांनी दहा माणसांचं चालणं काढून आणायला सांगितलंय. तुमचं लई भारी आहे."

बाईंच्या चालण्याला आजवर कुणी भारी म्हटलं नव्हतं. राग अर्ध्यावरच विरला. चौकशी केली तेव्हा कळलं की मुलगी वैजापूर तालुक्यातली, मेंढपाळाच्या घरातली; शहरात ॲनिमेशन शिकायला आलेली आणि राहायला खोली शोधतेय. पंधरा दिवसांत ती बाईंच्या वरच्या खोलीत राहायला आली.

भाडेकरू म्हणून तिच्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. फक्त ती माणसासारखी वागत नसे. गॅसवर दूध ठेवून ते कसं वर येतं हे बघत बसायची, आणि बघता बघता उतू जाऊ द्यायची. जिन्यावरून एकदा पडली, तर कण्हत उठून पुन्हा वर गेली. पडताना आधी हात पसरतात की डोळे मिटतात, हे बघायचं राहून गेलं होतं म्हणे. बाई दुधावरून रागावल्या की ही वही उघडणार. "मॅडम, परत एकदा रागवा ना. तुमची भुवई आधी वर जाते का ओठ आधी मिटतात?" अशा मुलीवर रागावून उपयोग काय?

तिसऱ्या वर्षी प्रत्येकाला दोन मिनिटांची फिल्म करायची होती. ती झाली नाही तर वर्ष जाणार. सृष्टीची गोष्ट साधी होती. एक म्हातारा मेंढपाळ संध्याकाळी मेंढरं घेऊन येतो, बोटांवर मोजतो, एक कमी भरते, तो ती शोधून आणतो. एका सेकंदाला बारा चित्रं लागतात, आणि मेंढरं चाळीस. तेव्हा शिकवणारे सुदर्शन सर म्हणाले, "एक मेंढी नीट कर आणि तिच्याच नकला लाव. सगळे तेच करतात." सृष्टीनं तेच केलं. म्हाताऱ्यावर मात्र चार महिने घालवले. त्याच्या धोतराचा सोगा वाऱ्यावर कसा उडतो, यातच एक महिना गेला.

फिल्म द्यायला आठ दिवस उरले असताना तिचे आजोबा त्रिंबक मोतीबिंदू काढायला शहरात आले आणि ऑपरेशननंतर बाईंकडंच उतरले. काळा चष्मा लावून ते खुर्चीत बसले होते. नातीनं मोठ्या हौसेनं कॉम्प्युटर समोर ठेवला.

"आबा, तुम्हाला मोबाइल बघायला नाही म्हटलंय ना डॉक्टरांनी?" बाईंनी आठवण करून दिली.

"मोबाइल नाय म्हनले. ह्यो मोबाइल हाय व्हय?"

त्यांनी फिल्म शेवटपर्यंत पाहिली. म्हणाले, "ही मेंढी इतक्या येळा कुठं चाललीय?"

"आबा, चाळीस मेंढ्या आहेत त्या."

"चाळीस कुठं? एकच हाय. चाळीस येळा."

बाईंना हसू आवरेना. सृष्टीचं नाक लाल झालं.

"अन् ह्यो गडी बोटं का मोजतोय? मेंढरं कुनी मोजतं का गं? नजर फिरवली की कळतंय, कोन नाय ते. बरं, हरवली कोन?"

"एक मेंढी."

"ते कळलं. पर कोनती?"

पात्र कोण आहे, त्याला काय हवंय, हे प्रश्न तीन वर्षं सृष्टीच्या वहीच्या पानोपानी लिहिलेले होते. पण ते मेंढीला विचारायचं तिला सुचलं नव्हतं. आणि ती तर मेंढरांतच वाढलेली! तिनं कॉम्प्युटर बंद केला आणि जेवायला खाली आली नाही.

सकाळी तिनं सरांना फोन करून मेंढरं नव्यानं काढायची म्हणून सांगितलं. सर म्हणाले, "सृष्टी, गोष्ट तुझी आहे. पण फिल्म द्यायचा शुक्रवार माझ्या हातात नाही. गोष्ट अर्धवट राहिली तर नापास."

फोन ठेवून ती आजोबांच्या पायाशी वही घेऊन बसली. "सांगा आबा."

दोन दिवसांसाठी आलेला म्हातारा डोळ्याच्या औषधाचं निमित्त सांगून आठ दिवस राहिला. एक मेंढी भांडखोर. एक उन्हात दुसरीच्या पोटाखाली डोकं घालून चालते. एक म्हातारी, सगळ्यात मागं. पण पाण्याचा वास आला की सगळ्यात पुढं. चाळीस शक्य नव्हत्या, म्हणून अकरा ठरल्या. त्यांतल्या लंगडीला सृष्टीनं कुणाचा गुडघा दिला हे बाईंनी जिन्यातून पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं. आता गोष्ट मेंढरांची झाली होती; धोतराच्या सोग्याची सगळी चित्रं मात्र तिनं काढून टाकली. त्या दिवशी ती पहिल्यांदा रडली, आणि रडताना आरसा शोधायला विसरली.

शुक्रवारी फिल्म गेली. गोष्ट पुरी, पण दोन मिनिटांऐवजी पंचावन्न सेकंद. मागचे डोंगर रंगवायचे राहिलेले.

परीक्षा कॉलेजच्या हॉलमध्ये होती. घरच्यांना बसू दिलं होतं. पडद्यावर मेंढरं वाड्यात शिरली. मेंढपाळ दारात उभा राहिला, त्यानं मान वळवायला सुरुवात केली, आणि त्याची मान पुरी वळायच्या आत मागच्या रांगेतून त्रिंबक मोठ्यानं म्हणाले, "म्हातारी नाय आली! ओढ्याला बघ, ओढ्याला!"

हॉल हसला. बाहेरून आलेले परीक्षक वळून बघायला लागले. त्यांनी सृष्टीला विचारलं, "यांना ही आधी दाखवली होती?"

"ही नाही सर, आधीची दाखवली होती. पण मेंढी त्यांच्या ओळखीची आहे."

परीक्षकांनी फिल्म परत लावायला सांगितली. वेळ कमी भरल्याचे आणि डोंगरांचे गुण कापले, ते कापलेच. सृष्टी दुसऱ्या श्रेणीत पास झाली. वर्ष वाचलं.

सध्या ती सिडकोतल्या एका लहान स्टुडिओत नोकरी करते. लहान मुलांना दात घासायला शिकवणाऱ्या एका मगरीचं काम तिच्याकडं आहे, आणि ते दिवाळीपर्यंत चालेल.