भिंतीवरचं बियाणं

“मला इच्यारू नगंस मास्तर, भिंतीला इच्यार,” असं आक्का म्हणायच्या आणि हातातल्या कामावरची नजर न काढता मागच्या पडवीकडे बोट करायच्या. त्या भिंतीला खोटं बोलायला मी लावलं. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी आक्कांविषयी जे लिहीन ते कोण लिहितो आहे, हे तुम्हाला ठाऊक असलेलं बरं.

निपाणीच्या शाळेत मी नवा मास्तर म्हणून लागलो तेव्हा आक्कांच्या घराची पुढची खोली मला भाड्यानं मिळाली. आक्का जैन. नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही. माणसांशी मराठीत बोलायच्या, पण एखादा वेल मांडवावर चढायचं सोडून जमिनीवर लोळू लागला की त्याला कानडीत झापायच्या. “मराठी त्याला लागत न्हाय,” म्हणायच्या.

त्यांच्या परसात दहा-बारा तऱ्हांचे वेल असत, आणि त्या सगळ्यांचं बियाणं भिंतीवर. आमच्याकडे जुन्या बायका अजूनही असं करतात, तुम्ही पाहिलं असेल. शेणात राख कालवायची, त्यात चार-पाच बिया दाबायच्या, पुरीएवढी चकती थापायची आणि भिंतीला चिकटवून टाकायची. कीड लागत नाही. लावायच्या वेळी चकती फोडायचीही नाही, भिजवून तशीच्या तशी आळ्यात पुरायची. आक्कांच्या भिंतीवर अशा तीस-चाळीस चकत्या असत. त्यांच्यावर खूण म्हणून काही नाही. जागा हीच खूण. दाराच्या चौकटीपाशी दोडका, खिडकीखाली पडवळ, मधल्या खांबाच्या डावीकडे काकडी, उजवीकडे गोडा दुधी. आणि अगदी कोपऱ्यात, इतरांपासून हातभर लांब, तीन चकत्या कडू दुधीच्या.

कडू दुधी कशाला, असं मी एकदा विचारलं होतं.

“पोरं हिरीत पवायला शिकत्यात तवा कमरंला काय बांधायचं? तुझं पुस्तक?” आक्का म्हणाल्या. “आन मुनिम्हाराजांचा कमंडलू कशाचा करायचा? कडूच टिकतोय मास्तर. गोड्याला किडं खात्यात.”

अक्षय तृतीयेला पेठेतल्या बायका आळी खणून आक्कांच्या दारात येत. आक्का भिंतीपाशी जात, हातानं चाचपून नेमकी चकती काढत आणि पदरात घालत. त्यांच्या डोळ्यांवर तेव्हाच थोडी साय धरली होती, पण भिंतीवर त्यांचा हात चुकत नसे. “आक्काच्या हातचं बी” म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नसे. जैन घरांत कंदमुळं कधीच खात नाहीत आणि चातुर्मासात पालेभाजीही बंद. मग चार महिने ताटात पडायचं ते वेलावरचंच. म्हणजे सगळी पेठ आक्कांच्या भिंतीवर जेवायची.

त्या वर्षी फाल्गुनात आक्का बायकांबरोबर श्रवणबेळगोळच्या यात्रेला गेल्या. निघताना मला म्हणाल्या, “मी जातो रं मास्तर. मांजराला दूध घालू नगंस, सवय लागंल. आन भिंतीला हात लावू नगंस.”

चार दिवसांनी दवंडी आली. प्लेगची भीती होती, सगळ्यांनी घरं आतून चुन्यानं रंगवून घ्यावीत. मी माणूस बोलावला. तो म्हणाला, भिंत खरवडल्याशिवाय चुना धरणार नाही. मी शहाणपणा केला. चकत्या स्वतः खुरप्यानं सोडवल्या आणि टोपलीत ओळीनं रचल्या. तळाशी चौकटीजवळच्या, वर खिडकीखालच्या, सगळ्यांत वर कोपऱ्यातल्या. मनात म्हटलं, बघा, शिकलेला माणूस कसं काम करतो. मग शाळेची वेळ झाली म्हणून गेलो. संध्याकाळी आलो तर भिंत पांढरीशुभ्र, आणि त्या माणसानं चुना वाहायला टोपली हवी म्हणून माझ्या चकत्या पडवीत एका ढिगात ओतून ठेवलेल्या.

मी त्याच्यावर ओरडलो. आजही वाटतं, त्याच्यावर ओरडून मी काय मिळवलं? तीस-चाळीस चकत्या एकसारख्या दिसत होत्या. एक फोडून पाहिली, दोडक्याची काळी बी निघाली. सगळ्याच फोडल्या असत्या तरी दुधीतला गोडा कोणता आणि कडू कोणता हे बी पाहून ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. मी ताजं शेण आणलं आणि अंदाजानं एकेक चकती परत भिंतीला लावली. अगदी पूर्वीसारख्या रांगा. दिसायला इतक्या नीट, की मला स्वतःलाच बरं वाटलं.

आक्का परत आल्या. पडवीत जाऊन त्यांनी भिंतीवरून हात फिरवला.

“चुना मारलास?”

“हुकूम होता, आक्का.”

“आन बी? व्हतं तसंच लावलंस न्हवं?”

“होय आक्का. होतं तसंच.”

इतकंच. एवढ्या छोट्या वाक्यासाठी मी पुढची कित्येक वर्षं स्वतःवर चिडत आलो आहे.

तृतीयेला आक्कांनी नेहमीसारखं बियाणं वाटलं. ज्येष्ठात तक्रारी सुरू झाल्या. समोरच्या तंबाखूवाल्या शेठांच्या म्हाताऱ्या आई, त्यांना सगळे आव्वा म्हणत, पडवळाचं आणि दुधीचं बी घेऊन गेल्या होत्या. त्यांच्या पडवळाच्या आळ्यात तांबडा भोपळा आला आणि गोठ्याच्या कौलांवर चढून बसला. आव्वा रस्त्यातूनच ओरडल्या, “आक्का, तुझ्या पडवळानं माझी चार कौलं फोडली की गं!”

“पाणी जास्त घातलं असशील,” आक्कांनी उलट ओरडून सांगितलं आणि सगळी पेठ हसली.

दुसरीकडे काकडीच्या जागी घोसाळी आली. आक्कांच्या स्वतःच्या परसात दोडक्याच्या आळ्यात काकडी निघाली. रोज सकाळी त्या वेलापाशी बसून पान दोन बोटांत धरायच्या, डोळ्यांजवळ न्यायच्या आणि पुटपुटायच्या, “आसं कसं झालं? आसं कसं झालं?” बायका हसण्यावारी नेत होत्या. आक्का हसत नव्हत्या. मी खोलीत बसून वह्या तपासत असे, आणि त्यांचं ते पुटपुटणं ऐकून माझा इतका संताप व्हायचा की विचारू नका. त्या मला विचारत का नाहीत, याचा संताप. त्यांनी न विचारताच मी सांगावं, हे सुचत होतं, जमत नव्हतं.

आणि एक गोष्ट पेठेत मला एकट्याला कळत होती. कोपऱ्यातल्या तीन चकत्याही कुणाच्या तरी आळ्यात गेल्या होत्या. मी मनाची समजूत घातली. दुधी चिरताना प्रत्येक बाई आधी तुकडा जिभेला लावून बघते. कडू निघाला तर फेकून देईल. त्यात काय?

त्या चातुर्मासात एक दिगंबर मुनी निपाणीत राहिले होते. दिवसातून एकदाच, उभ्यानं, हाताच्या ओंजळीत जेवायचं, असा त्यांचा नेम. सकाळी ते रस्त्यानं निघत आणि घराघरांच्या दारात माणसं सोवळ्यानं कलश घेऊन उभी राहत. ज्या घरी ते थांबतील त्या घराचं भाग्य. त्या दिवशी ते शेठांच्या दारात थांबले. स्वयंपाकाला मदत म्हणून आक्का पहाटेपासून तिथंच होत्या. मुनींना द्यायचं अन्न कुणी आधी चाखत नाही, नाहीतर ते उष्टं होतं. हे मला ठाऊक नव्हतं. हे मला ठाऊक नव्हतं, असं मी आजवर हजार वेळा स्वतःला सांगितलं आहे आणि त्यानं काडीचाही फरक पडलेला नाही.

मी समोरच्या ओट्यावरून पाहत होतो. शेठांच्या सुनेनं ओंजळीत दुधीची भाजी घातली. पहिला घास गेला. दुसऱ्या घासाला मुनींना ओकारी आली. त्यांनी ओंजळ सोडली आणि खाली बसले. म्हणजे जेवण मोडलं. आता उद्यापर्यंत अन्न नाही, पाणीही नाही.

ते निघून गेले. आव्वांनी पातेल्यातली फोड जिभेवर ठेवली आणि थुंकल्या.

“कडूजार! कुठनं आणलास गं ह्यो दुधी?”

“आपल्याच मांडवावरचा, पहिलाच,” सून रडत म्हणाली.

आव्वांनी वळून पाहिलं. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. त्या हळू म्हणाल्या, “आक्का, तुझ्या हातचं बी.”

आक्का रस्ता ओलांडून घरी आल्या. पडवीत जाऊन रिकाम्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या. मी मागे गेलो. माझ्या तोंडात कबुलीचं वाक्य तयार होतं.

“माझंच चुकलं,” त्या म्हणाल्या. “डोळं गेलं माझं. दिसत न्हाय तर उगं कशाला दिमाख करायचा? साधूला उपाशी ठेवलं मी.”

“असू दे आक्का,” मी म्हणालो. “होतं असं.”

हे मी म्हणालो! तुम्ही तिथं असता तर मला थोबाडीत मारली असती.

आक्काही उपाशी राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी मुनींबरोबरच त्यांनी पाणी घेतलं. नंतर वेल वाळले, फळं बियांना आली, पण त्यांनी एकही चकती थापली नाही. भाद्रपदात अनंत चतुर्दशीनंतर जैनांचा क्षमेचा दिवस असतो. घरोघरी जाऊन जाणत्या-अजाणत्या चुकांची माफी मागतात. आक्का सगळी पेठ फिरल्या आणि शेवटी माझ्या खोलीच्या दारात आल्या, हात जोडून.

“मास्तर, काय चुकलंमाकलं असंल तर क्षमा कर.”

“मलाही करा,” मी म्हणालो.

“तुझं काय चुकणार रं? पोरासारखा हाईस,” म्हणून त्या हसल्या आणि गेल्या. पुढे दोन वर्षं हेच झालं. मग माझी बदली झाली आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

चिकोडीला मी सात वर्षं होतो. शेवटच्या वर्षी आठवडी बाजारात शेठांची सून भेटली. मी आक्कांची चौकशी केली.

“त्या आता भावाकडं असत्यात, हितंच जवळ,” ती म्हणाली. “डोळ्यांचं भ्या घेतलंय त्यांनी. तांदूळ निवडत न्हाईत, पाणी गाळत न्हाईत. किडामुंगी दिसायची न्हाय, हातनं जीव जाईल म्हंत्यात. आन मुनिम्हाराज आलं तर सैपाकाच्या चौक्यात पाय ठेवत न्हाईत.”

“तुम्ही बोलवत नाही?”

ती कोथिंबिरीच्या जुडीकडे पाहत राहिली. “आव्वा न्हाय म्हंत्यात.”

मी पिशवी घरी टाकली आणि सायकलीनं त्या गावी गेलो. आक्का ओसरीवर बसल्या होत्या, हात मांडीवर मोकळे. त्यांचे हात रिकामे मी कधी पाहिले नव्हते. मी हाक मारली. आवाजावरून त्यांनी ओळखलं.

“मास्तर? कुठं असतोस रं? लगीन झालं?”

मी बसलोही नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. दवंडी, टोपली, ढीग, अंदाजानं लावलेल्या चकत्या, आणि ‘होतं तसंच’. आक्का ऐकत होत्या. मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा:

“कडू कुठं लावला व्हतास?”

“ठाऊक नाही, आक्का.”

“म्हंजी तवा माझं डोळं गेलं नव्हतं.”

“नाही.”

“आन हात?”

“हातही चुकला नव्हता.”

मला वाटलं, आता म्हणतील, जाऊ दे. मी त्याचीच वाट पाहत होतो, हेही कबूल करतो.

“नऊ-धा वर्सं मी निवडायला ताट घेतलं न्हाय, मास्तर,” त्या म्हणाल्या. “आन तू हितं माझ्या कानात येऊन सांगतुयास? मला काय सांगतुयास? पेठंत जा. आव्वा हाय तवर जा.”

भावजयीनं चहा आणला होता. आक्का म्हणाल्या, “ठेव. परत आला की पिईल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निपाणीला गेलो. मंदिरातून बायका बाहेर पडत होत्या. आव्वा सुनेच्या खांद्यावर हात ठेवून पायऱ्या उतरत होत्या. मी चपला काढून रस्त्यात उभा राहिलो. मोठ्यानं बोललो, मागच्या बायकांनाही ऐकू जाईल असं. “आव्वा, त्या वर्षीचं बियाणं मी मिसळलं होतं. आक्का गावाला गेल्या असताना मी भिंतीवरच्या चकत्या काढल्या, आणि त्यांनी विचारलं तेव्हा खोटं बोललो. महाराज उपाशी राहिले ते माझ्यामुळं. आक्कांचे डोळे चांगले होते, हात चांगला होता. तुम्ही सगळ्यांनी त्यांना दोष दिलात आणि मी ऐकत बसलो. माझं चुकलं. मला क्षमा करा, आणि त्यांना घेऊन या.”