हारमेनने गाळलेला अध्याय

हारमेन माणूस कमी बोलणारा. जे काही बोलायचं ते गाईंशी बोलून झालेलं असे, घरच्यांच्या वाट्याला उरलंसुरलं. वेलुवे या डच मुलुखाच्या रेताड पट्ट्यात त्याचा जन्म गेला. गोठा, बटाट्याचं वावर आणि चर्चमधली खांबाजवळची जागा, एवढीच त्याची ये-जा.

त्याच्या घरी तिन्ही जेवणांनंतर बायबलचा एकेक अध्याय वाचला जाई. ओळीने, काही न गाळता. नुसत्या नावांच्या वंशावळी आल्या तरी सुटका नव्हती. वर्षभराने पुस्तक संपे, की पुन्हा पहिलं पान. वाचन झालं की हारमेन चष्म्यावरून लेकीकडे बघून विचारी, "शेवटचा शब्द?" तो सांगता आला नाही, म्हणजे ऐकताना डोकं भलतीकडे होतं.

लेक एकुलती एक, फेन्ना. ती वाखेनिंगेनला जीवशास्त्र शिकायला गेली तेव्हा गावातल्या बायकांनी त्राइनला, म्हणजे तिच्या आईला, 'आता पोरगी हातची जाणार,' म्हणून आधीच सांत्वन करून ठेवलं होतं.

आणि गेल्या वर्षी झालंच तसं. कुठले प्राणी खावेत आणि कुठले खाऊ नयेत, तो अध्याय आला. ससा रवंथ करतो, असं हारमेनने वाचलं, आणि फेन्ना पटकन म्हणाली, "नाही करत, बाबा."

"काय म्हणालीस?"

"ससा रवंथ करत नाही. गाईसारखे पोटाचे कप्पेच नाहीत त्याला."

"माझ्या टेबलाशी बसून देवाला खोटं पाडतेस?"

"मी सशाबद्दल बोलतेय, देवाबद्दल नाही!"

"मग जा, सशांच्यातच राहा."

फेन्ना गेली. वर्षभर आईला पत्रं आली, फेन्ना आली नाही.

हारमेनची पंचाईत वेगळीच होती. हिवाळ्याच्या तोंडाशी शेजाऱ्याने मारलेला एक ससा दिला. खाण्याचे ते जुने नियम ख्रिस्ती घरांत वाचले जात, पाळले जात नसत. तो साफ करताना त्याचा हात थांबला. पोट एकच. असे ससे त्याने लहानपणापासून सोलले होते. गाईचं पोटही त्याला ठाऊक होतं. पण टेबलावरचं वाचन आणि अंगणातला ससा हे त्याच्या डोक्यात कधी एकमेकांना भेटलेच नव्हते. आता भेटले, आणि त्याची झोप उडाली. पुस्तक सोडणं त्याला जमणारं नव्हतं. पण लेक तरी कुठे सोडवत होती?

त्राइनने लिहून लिहून फेन्नाला एकदाचं बोलावलं. रविवारी त्या घरात कुणी प्रवास करत नसे, म्हणून ती शनिवारीच आली. बापलेकीत "गाई बऱ्या आहेत?" "बऱ्या आहेत," एवढं झालं. त्या रात्री हारमेनने पुढची पानं चाळली आणि त्याला घामच फुटला. रविवारच्या दुपारी नेमका तोच अध्याय येत होता.

दुपारी सूप झालं, बटाटे झाले. हारमेनने पुस्तक उघडलं आणि जन्मात पहिल्यांदा मुद्दाम दोन पानं एकदम उलटली. पुढचा अध्याय निघाला बाळंतिणीच्या विटाळाचा. बिनलग्नाच्या लेकीपुढे ते वाचता वाचता त्याचे कान लाल झाले.

"बाबा," फेन्ना म्हणाली, "अकरावा राहिला."

"पानं चिकटली असतील."

"इतकी वर्षं नाही चिकटली ती!" त्राइन म्हणाली. "अहो, पोरगी काही काचेची नाही. वाचा."

हारमेनने पानं मागे घेतली. उंट झाला. सशापाशी आल्यावर त्याने तो शब्द नीट वाचला आणि बोट तिथेच ठेवलं.

"हिवाळ्याआधी एक साफ केला मी," तो म्हणाला. "पोट एकच होतं."

फेन्नाला हसता आलं असतं. ती हसली नाही. "ससा आपलीच मऊ लेंडी परत खातो, बाबा. चारा दोनदा पोटातून जातो त्याच्या. आणि बसल्या बसल्या तोंड हलत असतं. बघणाऱ्याला रवंथच वाटेल."

हारमेनचा चेहरा उजळला. "म्हणजे रवंथच की!"

"नाही. तुमच्यासाठीसुद्धा मी त्याला रवंथ म्हणणार नाही."

"जेवणाच्या टेबलावर लेंड्या!" त्राइन कुरकुरली.

हारमेनने बोट सशावरून उचललं नाही. "बरं. तू म्हणू नकोस. पण मी हे असंच वाचणार."

"वाचा ना. मी कुठे नको म्हणते?"

तो पुढे गेला. पक्ष्यांची यादी आली आणि तिच्या शेवटी वटवाघूळ आलं. फेन्नाने तोंड उघडलं.

"बाबा, वटवाघूळ पिलांना दूध पाजतं, ते पक्षी—"

"ते पुढच्या रविवारी," हारमेन मान वर न करता म्हणाला. "एका जेवणाला एक जनावर पुरे."

अध्याय संपला. त्राइन पुडिंगचं भांडं घेऊन उभीच होती. हारमेनने चष्म्यावरून बघितलं.

"शेवटचा शब्द?"

"खाऊ नये," फेन्ना म्हणाली, आणि तिने बशी पुढे केली.

सोमवारी ती गेली. पुढच्या शनिवारी दुपारी हारमेन गोठ्यामागे तिच्या जुन्या सायकलच्या चाकात हवा भरत होता. फेन्ना संध्याकाळी उतरणार होती तो बसथांबा घरापासून लांब होता.