चष्मा न पुसणारा इन्स्पेक्टर

आई बघते ती गुन्हेगारी मालिका बरीच वर्षं चालू आहे. एक गोष्ट दोन रात्री चालते. मधल्या सकाळी उत्तनची मासेवाली मावशी दारात टोपली उतरवायची आणि खुनी कोण, यावर दोघींची पैज लागायची. बाबा गेल्यापासून आई घराबाहेरच्या कुणाशी मोकळेपणी बोलायची ते एवढंच.

बहुतेक वेळा आईच जिंकायची, कारण मालिकेतले इन्स्पेक्टर खऱ्या खुन्यासमोर आले की चष्मा काढून पुसायचे. मी पडताळून पाहिलं होतं. दहांतल्या आठ वेळा तरी जुळायचं.

मग त्या नटाने मालिका सोडली. नव्या इन्स्पेक्टरला चष्माच नव्हता. आई लागोपाठ तीन पैजा हरली.

"या पोराला काम येत नाही," म्हणून तिने मालिका बंद केली. मासे घेतले की दारही लावून घेऊ लागली. मालिकेचं मला काही नव्हतं, त्या लागलेल्या दाराची काळजी वाटायची.

एके सकाळी मावशीने दार धरून ठेवलं. "बाय, त्याला कशाला शिव्या देतेस? इतकी वर्सं तू खुनी शोधलास कुठं? चष्मा बघत होतीस. मला काय कळत न्हाय?"

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"मला हरलेलं चालतं. तुला न्हाय चालत. बघ, हरलीस तर दार लावतेस."

आई बांगडे घेऊन आत आली, दार मात्र उघडंच ठेवलं.

रात्री तिने स्वतःच टीव्ही लावला. मला म्हणाली, "त्या पोराच्या तोंडाकडे बघू नकोस. साक्षीदार काय सांगतोय ते ऐक."