आधी दम, मग फोटो

आपा गेल्याचा फोन नांदेडहून आला, तेव्हा मी लातूरच्या माझ्या एक्स-रे सेंटरमध्ये कुणाच्या तरी बरगड्या बघत होतो. "काका, अम्मी गेली... झोपेतच," त्यांची मुलगी सलमा एवढंच म्हणाली. चार दिवस राहायला म्हणून आपा तिच्याकडे गेल्या होत्या. मी फिल्म पुन्हा उजेडावर धरली, पण काही दिसेना. महिना होत आला. डॉ. वहीदाआपा म्हणजे मांजरांची डॉक्टरीण, एवढंच लोक म्हणतात. मला मात्र आज जरा मिरवायचं आहे, त्यांच्या वतीनं. त्यांनी स्वतः ते कधी केलं नाही.

भूकंपानंतर किल्लारीकडच्या जनावरांवर उपचार करायला आपा सरकारी जीपमधून जायच्या. नोकरीत नव्याच होत्या. एका दुपारी ढिगाऱ्यातून निघालेली मांजरी आणि तिचा म्हातारा मालक, दोघांना घेऊन त्या थेट माझ्याकडे आल्या. म्हाताऱ्याच्या घरातलं तेवढंच जिवंत उरलं होतं. माझं यंत्र माणसांचं, आणि आम्हाला ठाऊक होती तीही जखमी माणसांचीच रीत... पाठीवर निजवा, हातपाय ताणून धरा. आम्ही तेच केलं. मांजरीनं तोंड उघडलं आणि फोटो निघायच्या आत ती संपली. मार फार होता, असं मी म्हणणार होतो. आपा पुढं झाल्या. "बाबा, मारानं न्हाई गेली. आमी उताणी धरली, दम कोंडला, म्हून गेली." म्हाताऱ्यानं तिला पटक्यात गुंडाळलं आणि तो निघून गेला. इतकं खरं तोंडावर सांगणारा डॉक्टर मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

पुढं लातुरात शिकवण्यांचं पेव फुटलं, गल्लोगल्ली होस्टेलं झाली आणि पोरंपोरी चोरून मांजरं पाळू लागली. तोवर आपांनी नोकरी सोडून माझ्या शेजारीच दवाखाना टाकला होता. डॉक्टर व्हायला आलेली हदगावची एक मुलगी गच्चीवरून पडलेला बोका ओढणीत घेऊन धावत आली. बोक्याला श्वास पुरत नव्हता. मी यंत्र सुरू करून तयार.

"आपा, आत काय झालंय ते कळल्याशिवाय करणार काय? आधी फोटो काढू."

"डॉक्टरसाब, तुमचा फोटो कुठं पळून चालला का? आधी दम घेऊ द्या त्याला."

त्यांनी बिस्किटाचं रिकामं खोकं मागवलं, बोका आत पोटावर बसवला, ऑक्सिजनची नळी सोडली आणि खुर्ची ओढून बसल्या. मुलगी रडकुंडीला आली. "मॅडम, कायतरी करा ना!"

"करूनच राहिले ना बाई. गप बसणं बी इलाजच हाय."

त्याची धाप जरा उतरल्यावर त्यांनी छाती तपासली, बरगड्यांमधून बारीक सुई घालून आत कोंडलेली हवा ओढून घेतली आणि मग मला खूण केली. फोटो खोक्यासकट काढला. पुठ्ठा एक्स-रेच्या आड येत नाही. फुप्फुस पुन्हा फुलत होतं, छाती आणि पोटामधला पडदा शाबूत होता. बोका जगला. नंतर सोनोग्राफी आली, तीही आपा बसलेल्या मांजरालाच करायच्या. मुरुडसारख्या आसपासच्या गावांतले तरुण डॉक्टर शिकायला येत. त्यांना आपा या बोक्याची गोष्ट कधीच सांगत नसत, किल्लारीच्या मांजरीची सांगत. मला या बाईचा फार अभिमान वाटतो, आणि तो मी त्यांच्या तोंडावर बोलून दाखवला असता तर त्यांनी मला हाकलून दिलं असतं.

परवा सलमा आपांचं इथलं घर आवरायला आली आणि आपांची लाडकी मांजरी दारातच मोटारसायकलखाली सापडली. सलमा तिला उराशी धरून माझ्याकडे धावली. "काका, लवकर फोटो काढा!" आपांच्या दवाखान्यात आता बसणारे तरुण डॉक्टरही मागोमाग आले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी कोपऱ्यातलं आपांचं खोकं काढून टेबलावर ठेवलं. आत आपांनी अंथरलेली जुनी ओढणी तशीच होती. मांजरीनं तिचा वास घेतला आणि पाय पोटाखाली घेऊन बसली. डॉक्टरांनी नळी सोडली. मी यंत्र बंद केलं आणि आपांची खुर्ची ओढून घेतली.