शेंडेनक्षत्र परत येईस्तोवर

भरे गावात माझ्या किराणा दुकानासमोर धोंडामावशीचं घर आहे. मी निलोफर. तोंडाची फटकळ म्हणून गाव मला ओळखतं.

सत्त्याण्णवच्या चैत्रात आभाळात शेपटीवाला तारा दिसत होता. गावात त्याला शेंडेनक्षत्र म्हणतात आणि अपशकुनी मानतात. त्याच दिवसांत मावशीला मुलगी झाली, आणि बारशाआधीच सासरा गेला. सासूनं खापर तान्ह्या पोरीवर फोडलं. थोरल्या मुलाच्या, कैलासच्या डोक्यावर मावशीचा हात ठेवून तिला शपथ घ्यायला लावली, "ह्ये नक्षत्र परत येऊन दोष फेडंपातूर पोरीनं ह्यो उंबरा वलांडायचा न्हाई. वलांडला तर तुजा कैलास जाईल." मावशीनं त्या पोरीला, सायलीला, महाळुंग्याला राहणाऱ्या भावाच्या ओटीत घातलं.

त्या म्हातारीचा मला अजून राग येतो. मावशीचाही येतो. सासू कधीच मातीत गेली, कैलासला पोरं झाली, तरी हिनं शपथ मोडली नाही. लग्नकार्यात मायलेकी भेटायच्या. सायली तिला आत्या म्हणायची. खरं कळल्यावरही आत्याच म्हणत राहिली.

मग दोन हजार चोवीसच्या कोजागिरीच्या सुमारास दिवेलागणीला पुन्हा धूमकेतू दिसू लागला. मावळतीला, डोंगराच्या जरा वर, पुसट रेघ. मावशी अंगणातून ओरडली, "निलोफर, आलं बघ! लई रोडावलंय गं. लांबनं आलंय न्हवं?"

हा दुसराच धूमकेतू आहे, हे मी पेपरात वाचलं होतं. पण तिचं उजळलेलं तोंड बघून माझी जीभच उचलेना. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं. लेकीवरून ओवाळून टाकायला भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या उंबऱ्याशी मांडला. मग म्हणाली, "माज्या सायलीला फोन लाव."

मी स्पीकर चालू केला.

"सायले, शेंडेनक्षत्र परत आलं. आता ये घरी."



"आत्या, ह्ये त्ये न्हाई. तवाचं परत यायला दोन हजारांवर वर्सं हायेत."

मावशी उंबऱ्याशी बसली.

"महाळुंगं तासाभराच्या वाटेवर हाय, आत्या," सायलीचा आवाज चिरकला. "मी ल्हानपनी तुमचीच वाट बघायची. नक्षत्र कशाला लागतंय? नुसतं 'ये' म्हना, आत्ता निघते. म्हना की. येऊ?"

मावशीनं घरात पाहिलं. कैलास पोराला मांडीवर घेऊन जेवत होता.

"अगं, ये म्हण!" मी तिच्यावर ओरडले. तिचे ओठ हलले, पण शब्द फुटला नाही. सायलीनं थोडा वेळ वाट पाहिली आणि फोन बंद केला.

मी दुकानाचं शटर ओढलं तेव्हा भाकरतुकडा उंबऱ्याशी तसाच होता. मावशी त्याच्याशेजारी बसून होती.