बावीतला सुरुंग
नात संगणकाच्या पडद्यावर दोन रंगांचे द्रव एकमेकांत घुसताना दाखवत होती आणि माझ्या नाकात एकदम सुरुंगाच्या दारूचा वास आला. साठच्या दशकातला तो मे महिना. मी मुंबईहून मालवणला माहेरी आले होते. मुंबईत माझी नोकरी हेच गणित हाताने फिरवायच्या आकडेमोडीच्या यंत्रावर करण्याची: जड द्रवावर हलका द्रव, त्यांना स्फोटाचा धक्का, मग मधली सीमा कशी मोडते ते कागदावर चौकटी आखून आकड्यांत पाहायचं. आमची बाव, म्हणजे विहीर, समुद्राला लागून. वर गोडं पाणी, तळाशी खारं. पाणी आटलं म्हणून काकाने तळाच्या कातळाला सुरुंग लावायचं ठरवलं. “दोन्ही पाणी मिसळतील,” मी विनवलं. “तुज्या कागदात आमची बाव खंय आसा गो?” काका म्हणाला. सुरुंग उडाला, माडांवरचे कावळे ओरडत उठले. धूर निवळल्यावर काकीने कळशी ओढली, ओंजळभर पाणी प्याली. “गोडाच आसा!” सगळे हसले. मी मात्र कठडा घट्ट धरून उभी. माझ्या चौकटींतही सुरुवातीला सगळं शांतच असायचं. सीमेवर जेमतेम एक सुरकुती उठायची आणि मग तिचीच बोटं होऊन खोलवर घुसायची. दुपार कलल्यावर काकीने पुन्हा कळशी ओढली, घोट घेतला आणि थुंकली. ती माझ्याकडे वळली, “तुज्या कागदात ह्या पाणी परत येगळा होतला काय गो?” आज मी नातीला तेच विचारलं. “नाही आजी, तसं नाही होत,” ती म्हणाली आणि तिने चित्र पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.